अठरा किलोंच्या मशीनमध्ये काका नाहीत

९ फेब्रुवारी

चि. खटपट्या,

आशीर्वाद. तुझं मशीन तीन मजले चढवून आणणाऱ्या दोघांनाही त्यातले थोडे देऊन टाकले. त्यांना तुझ्यापेक्षा जास्त गरज होती.

तू लिहिलं होतंस, ‘आमच्या कारखान्यातला एक सीडी प्लेअर पाठवतोय, झाकणावर ओरखडा पडलाय म्हणून गिऱ्हाइकाला देता येत नाही.’ मला वाटलं, बगलेत मारून आणता येईल असं काहीतरी असेल. त्या दोघांपैकी एकाला मी मशीन घेऊन वजनकाट्यावर उभं केलं, मग मशीनशिवाय. फरक अठरा किलो. आत घालायची तबकडी बशीएवढी, फुंकर मारली तर उडेल. चिठ्ठी वाचायला पहिलवान नेमावा तसं हे झालं.

पण खोटं कशाला बोलू, वाजतं फार सुंदर. खालच्या बिऱ्हाडात तान्हं बाळ आलंय, म्हणून मी हेडफोन लावूनच ऐकते. पहिल्यांदा अर्थातच आपली तबकडी लावली. तुझे काका ज्या वाद्यवृंदात वाजवायचे त्याची ती एकुलती एक. चौदा वादक, एक हॉल, एक दुपार. तू तेव्हा सहा वर्षांचा होतास आणि त्याच दुपारी आमच्या शिलाई मशीनचे सगळे स्क्रू काढून एका रांगेत मांडून बसला होतास. ट्रँगल वाजवणारा तो बुटका आठवतो? तीन वर्षांत पहिल्यांदा मला तो नीट ऐकू आला. ट्रम्पेट तर असा आला, की मी मान मागे घेतली.

आता तक्रार. तबकडीतली तिसरी चाल. तिच्या मध्यावर तुझ्या काकांचा क्लॅरिनेट एकटा वाजतो, जेमतेम एक मिनिट. आख्ख्या कारकिर्दीत त्यांच्या एकट्याच्या वाट्याला आलेलं तेवढंच मिनिट, आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झाल्यावर माझ्या वाट्याला उरलेलंही तेवढंच. माझ्या जुन्या सीडी प्लेअरच्या डब्यावर मी ते रोज संध्याकाळी ऐकते. तुझ्या मशीनमध्ये ती जागा येते, व्हायोलिनवाले हळू होतात, बाकीचे गप्प बसतात, आणि खालच्या जिन्यात कुणीतरी शीळ घालावी तसं काहीतरी लांबून येतं. बस्स.

सगळे आहेत. काका नाहीत. अठरा किलोंत त्यांना जागा का झाली नाही ते कळव. फोन करू नकोस, पत्र लिही. फोनवर तू ‘हो हो’ म्हणतोस आणि विसरतोस.

तुझी मावशी


१६ फेब्रुवारी

ती. मावशी,

लांबूनच पाया पडतो. जवळून पडलो तर कान धरशील.

ट्रँगल ऐकू आला हे वाचून मी खुर्चीतून उठलो. पत्रातली तेवढीच ओळ मालकांना वाचून दाखवली. मालक सहसा कशानेही खूश होत नाहीत, पण ती ओळ त्यांनी माहितीपत्रकात घालायची ठरवली आहे: ‘एका जाणत्या श्रोतीला तीन वर्षांत पहिल्यांदा ट्रँगल ऐकू आला.’ नाव घालणार नाहीत, काळजी करू नकोस.

वजनाची तू थट्टा केलीस, पण त्यामागे कारण आहे. तू आयुष्यभर वाद्यवृंदासाठी स्वरलिपीच्या प्रती काढल्यास. टेबल डुगडुगत असेल तर अक्षर कसं येतं? तबकडी आत गरगर फिरते, तिच्या कंपनांनी सगळं थरथरतं. म्हणून आम्ही खालचा पत्रा बोटभर जाड घालतो. दुसरं म्हणजे वीज. साध्या प्लेअरमध्ये तबकडी फिरवणारी मोटर आणि आवाज घडवणारा भाग एकाच ट्रान्सफॉर्मरवर जगतात. एका नळावर दोन बिऱ्हाडं असल्यासारखं. खालच्याने बादली लावली की वरच्याची धार बारीक. आम्ही दोघांना वेगवेगळे नळ दिलेत. आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं, घड्याळ. तबकडीवर नुसते आकडे असतात. आकडे बरोबर वाचणं कुठल्याही डब्याला जमतं. पण ते आकडे अगदी ठरल्या क्षणी बाहेर पडावे लागतात. जिन्याच्या पायऱ्या सगळ्या सारख्या असल्या तरी उतरणाऱ्याचं पाऊल मागेपुढे पडलं तर तो लंगडतोय असं वाटतंच ना, तसं. आमचं घड्याळ लंगडू देत नाही.

आणि चौथी गोष्ट, माझी स्वतःची. आवाज बाहेर नेणारा जो बोर्ड असतो, तो मी उलटा फिरवून बसवायची कल्पना काढली. त्यामुळे वायर चार बोटं कमी लागते, ट्रान्सफॉर्मरपासून दूरही राहते. वायर आखूड तेवढी आवाजात भेसळ कमी. मालक म्हणाले, ‘डोकं आहे तुला.’ हे वाक्य त्या कारखान्यात याआधी कुणी ऐकलेलं नाही. रचनाकार म्हणून माझा जीव त्या मशीनमध्ये आहे, म्हणून तर पहिलं तुला पाठवलं.

राहिले काका. रागावू नकोस. जुने डबे मधले आवाज फुगवून दाखवतात. आमचं मशीन जे आहे तेच सांगतं. कदाचित काका मुळातच तेवढे हळू वाजवत असतील.

तरीही तीन गोष्टी कर: मशीन दगडी फरशीवर ठेव, तीन दिवस बंद न करता तापू दे, आणि तबकडी मधून बाहेरच्या दिशेने पूस.

तुझा खटपट्या


२५ फेब्रुवारी

चि. खटपट्या,

केलं सगळं. पडून असलेली संगमरवरी फरशी पुसून घेतली, तिच्यावर तुझं धूड बसवलं. तीन दिवस तापवलं. शेजारच्या मांजरीला ही बातमी माझ्याआधी कळली. ती त्याच्यावर येऊन झोपते आणि हलवलं तर माझ्याकडे असं बघते, की मीच भाडेकरू आहे. तबकडी मधून बाहेर पुसली. या सगळ्याचा परिणाम असा, की ट्रँगलवाल्याला त्या दिवशी सर्दी होती हेसुद्धा आता मला कळतं. काका नाहीत ते नाहीतच.

मग मी जुना डबा शेजारी ठेवला. तेच हेडफोन, तीच खुर्ची, तीच तबकडी. आधी तुझं, मग डबा, मग तुझं, मग डबा. डब्यात ते आहेत. कानाशी बसून वाजवतात. तुझ्या राजवाड्यात गेलं की जिन्यातली शीळ.

आणि ‘मुळातच हळू वाजवत असतील’ हे जे तू लिहिलंस, ते एकदा माझ्यासमोर येऊन बोल. खटपट्या, मी त्या हॉलमध्ये होते. ड्रमच्या मागे एका स्टुलावर, मांडीवर सगळ्यांच्या प्रतींचा गठ्ठा घेऊन. कुणाचं पान उडालं तर द्यायला. दोन मायक्रोफोन होते, एक खिडक्यांच्या भिंतीला, एक दाराच्या भिंतीला, आणि ध्वनिमुद्रण करणारा माणूस मधल्या मोकळ्या जागेत इतक्या अभिमानाने फिरत होता, जसा काही त्यानेच ती मोकळी जागा बनवली. तुझे काका खिडकीशी बसले होते. त्या एका मिनिटाला मी हातातले कागद खाली ठेवले. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी कागद खाली ठेवले ते तेव्हाच. हळू वाजवत होते म्हणून नाही.

तेव्हा माझ्या नवऱ्याची दुरुस्ती करणं सोड आणि तुझ्या मशीनची कर.

मावशी


४ मार्च

ती. मावशी,

चुकलो. ते वाक्य मी परत घेतो. पण मशीनच्या बाबतीत मी खरंच गोंधळलो आहे.

तुझं पत्र आल्यावर तसंच दुसरं मशीन घेऊन दिवसभर मोजणी केली. डावी बाजू, उजवी बाजू, दोन्हीकडून बारीक ते जाड सगळे आवाज सोडून पाहिले. दोन्ही बाजूंचे आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत सारखे. मालक म्हणाले, एवढं तर जुळ्या भावांचंही जमत नाही.

गेल्या आठवड्यात एक जाणकार येऊन गेले. या लोकांचं तुला सांगायला हवं. ते जाड वही घेऊन येतात, डोळे मिटून बसतात, आणि आपण श्वास घेतला तर एक डोळा उघडून पाहतात. एक तास ऐकून त्यांनी वहीत लिहिलं, ‘व्हायोलिन नेमकी जिथे असायला हवीत तिथे बसली आहेत. रंगमंच असा उभा राहतो, की हात लावावा.’ मालकांनी त्यांना दोनदा चहा पाजला. बावीस तारखेला मोठं प्रदर्शन आहे, तिथे हेच मशीन मांडणार आहोत. एकतीस मशीन आधीच घरोघर गेली आहेत, कुणाचीही तक्रार नाही. प्रदर्शनानंतर जुळणी विभाग माझ्या हातात द्यायचं मालकांच्या मनात आहे.

म्हणून मावशी, प्रेमाने विचारतो. आपण आवडत्या माणसाचा आवाज मनातही ऐकत असतो. डब्याची तुला सवय आहे, तिथे मन भर घालत असेल. शिवाय वय कुणालाच सोडत नाही, एकदा कान दाखवून घ्यायला काय हरकत आहे? आईशी बोललो. ती म्हणाली, ‘तिला म्हणावं, पुरे झालं एकटं राहणं, बाडबिस्तरा घेऊन इकडेच ये.’ मागची खोली ती रिकामी करायलाही लागली आहे.

तुझा खटपट्या


७ मार्च

खटपट्या,

तू तुझ्या आईला सांगितलंस.

माझी थोरली बहीण एकदा खोली रिकामी करायला लागली, की तीत कुणालातरी भरल्याशिवाय राहत नाही, हे तुला माहीत होतं. काल तिचे चार फोन आले. चौथ्यात तिने मला विचारलं, की माझं अंथरूण तिथलं चालेल की इथलं आणणार.

जुना डबा परवा बंद पडला. तुझ्या शहाणपणाची शहानिशा करायला मी त्याची दिवसातून दहा-दहा वेळा उघडझाप केली, त्याचा खण आता बाहेरच येत नाही. चिमट्याने तबकडी तेवढी सोडवून घेतली.

तेव्हा आता माझ्याकडे तुझंच मशीन आहे, आणि त्यात ते नाहीत. मन भर घालतं म्हणालास ना? दोन संध्याकाळी मनाला बसवून पाहिलं. नाही घालत.

मावशी


११ मार्च

मावशी,

तुझं पत्र खिशात घेऊन दोन दिवस फिरतोय.

आईला मी सांगितलं, की कानांची गोष्ट मी माझ्या मनाने बोललो, मावशी ठणठणीत आहे. तिने खोलीत परत ट्रंका ढकलल्या, पण अर्ध्याच.

आणखी एक सांगायचं आहे. मी रचनाकार नाही. मी जुळणी करतो. बोर्ड आणून बसवायचे, वायरी सोल्डर करायच्या, स्क्रू आवळायचे. मशीनची रचना मालकांची. तू सगळ्यांना अभिमानाने सांगत होतीस म्हणून मी कधी खोडलं नाही, आणि मग तेच तुला पत्रातही लिहायला लागलो. माझं स्वतःचं त्यात एवढंच, बोर्ड उलटा फिरवण्याची कल्पना. तेवढी मात्र खरंच माझी.

तर आता जुळणारा म्हणून विचारतो, कारण तेच काम मला येतं. बिघाड शोधायचा तर आधी नीट विचारायचं असतं आणि ते मी विचारलंच नाही. तुला सांगायला लागलो, नळ काय, जिने काय. तुझ्या मशीनमध्ये फक्त काकाच लांब जातात, की आणखी कुणी? कोण कुठे बसलं होतं? डब्यात कोण जवळ असायचं, कोण लांब? तू त्यांच्या प्रती काढायचीस, तुला खुर्च्या पाठ असतील. सगळं लिही. मला ते बावीस तारखेसाठी नको आहे, तुझ्यासाठी हवं आहे.

तुझा खटपट्या


१५ मार्च

चि. खटपट्या,

तू रचनाकार नाहीस हे मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. तुझ्या बोटांना भाजल्याचे डाग होते, रचना करणाऱ्यांच्या बोटांना शाई असते. मी अभिमानाने सांगायचे ते तू कारखान्यात टिकलास म्हणून. शिलाई मशीनचे स्क्रू काढणाऱ्या पोराने पुढे स्क्रू बसवायला शिकावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

आता खुर्च्या. हॉलमध्ये वादकांच्या समोर तोंड करून उभं राहा. तुझ्या डाव्या हाताला खिडक्या, उजव्या हाताला दार. खिडकीकडे तुझे काका, बासरीवाला, आणि व्हायोला, म्हणजे ते थोरलं व्हायोलिन, वाजवणारे दोघे, त्यांचं आपसांत बोलणं नव्हतं. मधोमध व्हायोलिन, पाच. दाराकडे ट्रम्पेट, ड्रम, ट्रँगलवाला बुटका, आणि दोघे असे, की त्यांना जेवणाआधी बाहेर पडता यावं म्हणून दाराजवळ बसवलं होतं.

तुझ्या मशीनमध्ये दाराकडची सगळी मंडळी माझ्या मांडीवर येऊन बसतात. व्हायोलिन ठीक. खिडकीकडचे सगळेच लांब. फक्त काकाच नाहीत, बासरीही नाही, ते भांडकुदळ व्हायोलावालेही नाहीत. तू विचारलंस म्हणून लक्षात आलं, मी तर एकाच माणसाला शोधत होते. डब्यात बरोबर उलटं होतं. खिडकीकडचे सगळे जवळ आणि दाराकडचे कुठेतरी गल्लीत. मला वाटायचं डबा जुना झाला, बिचाऱ्याचा हात दारापर्यंत पोचत नसेल.

तू तुझं झाकलेलं उघडलंस, आता माझं ऐक. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. काहीच नाही. तीन वर्षांपूर्वी तो मोठा ताप आला होता ना, त्यात गेला. कुणाला सांगितलं नाही. लोक बोलतात तेव्हा मी त्यांच्या उजव्या हाताला सरकून उभी राहते, त्यांना वाटतं मावशींना सावली आवडते. तुझ्या आईला कळलं असतं तर तिने मला ट्रंकेसकट उचलून नेलं असतं. आणि जिने आयुष्यभर चौदा जणांचे सूर कागदावर उतरवले, तिने कुणाकुणाला सांगत फिरायचं?

डावा मात्र तुझ्या त्या डोळेमिट्या जाणकाराच्या दोन्हींपेक्षा बरा आहे. तेव्हा ‘मावशीला ऐकू येत नाही’ असं म्हणून मोकळा होऊ नकोस. जे येतं ते नीट येतं.

हे पत्र वाचून फाडून टाक.

मावशी


१८ मार्च

मावशी,

हेडफोन उलटा घाल. उजवा डाव्या कानावर. तिसरी चाल लाव. बाकीचं नंतर लिहितो.

खटपट्या


६ एप्रिल

ती. मावशी,

अठरा तारखेची चिठ्ठी मिळाली ना? तुझं काहीच उत्तर नाही. आई म्हणते रोज संध्याकाळी फोन वाजतो आणि तू उचलत नाहीस. आजही उत्तर नाही म्हणून गाडीतच बसणार होतो, पण आधी हे लिहून टाकतो, कारण तुला सगळं कळलं पाहिजे.

तुझं पत्र मी कारखान्याच्या पायरीवर वाचलं. एकच कान, डावा. काका डावीकडे. डब्यात ऐकू येतात, माझ्या मशीनमध्ये नाही. मी आत गेलो आणि एक तबकडी लावली, तिच्यात सुरुवातीला फक्त डाव्या बाजूला आवाज असतो. आवाज उजवीकडून आला.

बोर्ड मी उलटा फिरवला होता, आठवतं? वायर चार बोटं वाचावी म्हणून. बोर्ड फिरला, तशी डाव्याची जागा उजवीकडे गेली आणि उजव्याची डावीकडे. मी वायरी सरळ नाकासमोर जोडल्या. इतक्या दिवसांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण आम्ही मोजत होतो ते दोन्ही बाजू सारख्या आहेत का. त्या तंतोतंत सारख्या होत्या. कोणती कोणती, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. तुला ट्रँगल तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकू आला तो आमच्या कारागिरीने नाही, माझ्या घोडचुकीने. ते वाक्य माहितीपत्रकातून काढायला लावलं.

खरं सांगू? न सांगताही चाललं असतं. पुढच्या मशीनमध्ये वायरी गुपचूप फिरवल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. अर्धा दिवस तोच विचार करत होतो. मग वाटलं, त्या एकतीस घरांत कुठेतरी अशीच कुणी एक कान घेऊन बसली असेल, तिला तिचा भाचा कळवतोय की मन भर घालतं.

मालकांना सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, तीच तबकडी तीनदा ऐकली. म्हणाले, ‘आणि मी यात घड्याळ कसलं घातलंय माहीत आहे तुला?’ मी म्हटलं, माहीत आहे. म्हणाले, ‘वेळ अगदी बरोबर, आणि दिशा चुकलेली. माझ्या लग्नासारखं.’ मग विचारलं, ‘पकडलं कुणी?’ मी म्हटलं, स्वरलिपीच्या प्रती काढणाऱ्या एका बाईंनी. एवढंच. कानाचं बोललो नाही.

प्रदर्शनात मशीन मागच्या वायरी अदलाबदल करून मांडलं. जाणकार आले, डोळे मिटले, वहीत लिहिलं, ‘व्हायोलिन नेमकी जिथे असायला हवीत तिथे.’ मालकांनी या खेपेला चहा विचारला नाही. एकतीस गिऱ्हाइकांना पत्रं गेली, मशीन परत पाठवा, आठ दिवसांत नीट करून देतो. उत्तरं यायला लागलीत. बहुतेकांच्या लक्षात आलंच नव्हतं. सहा जण म्हणतात, लक्षात पहिल्याच दिवशी आलं होतं पण मोठेपणाने बोललो नाही. एक गृहस्थ मशीन द्यायलाच तयार नाहीत, म्हणतात आहे त्यात जो मोकळेपणा आहे तो जाईल.

जुळणी विभाग माझ्या हातात आला नाही. नवीन काम मिळालं. प्रत्येक मशीन पेटीत जाण्याआधी मी त्याची एकच बाजू लावून शेजारी उभा राहतो आणि आवाज कुठून येतो ते बोटाने दाखवतो. सगळे हसतात. मालक म्हणतात हसू दे, पण दाखव.

आईला सांगितलं, की चूक मशीनची होती. ती म्हणाली, ‘मला माहीतच होतं, तिचं कधी चुकतं का?’ आणि रिकामी खोली आता स्वतःची विणकामाची म्हणून जाहीर केली.

मशीन आठ दिवसांसाठी पाठव. पण त्याआधी एक ओळ लिही. ते आहेत का?

तुझा खटपट्या


१२ एप्रिल

चि. खटपट्या,

मशीन पाठवणार नाही. आठ दिवस फार होतात. तू स्क्रूड्रायव्हर घेऊन इथे ये, मांजरीला विचार, ती उठली तर झाकण काढ. तोपर्यंत मी हेडफोन उलटा घालते, मला काही बिघडत नाही. आणि कान दाखवायला मी तुझ्या गावी येईन, पण डॉक्टरकडे तू नेशील आणि तुझ्या आईला मी स्वतः सांगेन, माझ्या सवडीने.

चिठ्ठी मिळाली त्या संध्याकाळी हेडफोन हातात घेऊन बराच वेळ बसले. डबा गेला होता. उलटा घालूनही ते आले नाहीत तर मग पुढे काही करण्यासारखं नव्हतं. चहा केला, गार होऊ दिला. मग घातला.

आहेत.

डब्यात होते त्यापेक्षा जवळ. डब्यात ते कानाशी असायचे, इथे खुर्ची ओढून बसले. बोटं भोकांवर पडतात त्याचा टपटप आवाज येतो, श्वास कुठे घेतात ते कळतं. तुझ्या मालकांच्या अठरा किलोंना मी जे जे बोलले ते मागे घेते. कोऱ्या पांढऱ्या कागदावर पेन्सिलीची फिकट रेघही दिसते, मळक्यावर शाईसुद्धा शोधावी लागते. तुमच्या मशीनची शांतता तशी कोरी आहे. त्यांना सांग, प्रती काढणाऱ्या बाई म्हणाल्या, कागद उत्तम.

उत्तर लिहायला उशीर का झाला ते सांगते. तुझ्या काकांचं ते मिनिट यायच्या आधी त्यांना बराच वेळ गप्प बसायचं होतं. आमच्या स्वरलिपीत रेघांनी पाडलेली घरं असतात. बत्तीस रिकामी घरं, आणि तेहतिसाव्यात त्यांनी शिरायचं. ती प्रत माझ्याच हातची. सगळे वादक अशा वेळी मनात मोजतात. तुझे काका म्हणायचे, मोजतात ते कारकून, खऱ्या वादकाला आपली जागा आपोआप कळते. लग्नाआधी म्हणाले, लग्नानंतर म्हणाले, पाहुण्यांसमोर म्हणाले. मी ते खरं मानलं आणि स्वतःला कारकून समजून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी मी चाल पहिल्यापासून लावली. व्हायोलिनच्या मागे काहीतरी कुजबुजत होतं. वाटलं, आणखी एक वायर चुकली. आवाज वाढवला. खटपट्या, ते मोजत होते. पुटपुटत, ओठातल्या ओठात, शाळेतल्या पोरासारखं. सतरा, अठरा, एकोणीस. मी इतकी हसले, की खालचं बाळ उठलं आणि त्याची आई विचारायला वर आली. तिच्याही कानाला लावलं. तिला काही कळलं नाही, पण तीही हसली.

आता फोन वाजतो तेव्हा मी नेमकी तिथे असते, म्हणून उचलता येत नाही. रोज संध्याकाळी पहिल्या घरापासून त्यांच्याबरोबर मोजते. बरेच नीट मोजतात. सव्विसाव्याला जरा घाई करतात.

तुझी मावशी